ख्रिस्ती माणूस जगाच्या राखेची वाट पाहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगाच्या अंताविषयी निरनिराळे धर्म काय सांगतात, याचा आढावा घेणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. विषय मोठा आणि जागा थोडी, ही लेखकाची अडचण मी समजू शकते. तरीही ख्रिस्ती श्रद्धेला त्यात जे दोन परिच्छेद मिळाले, ते वाचून गप्प राहणे मला योग्य वाटले नाही. एका ठरलेल्या दिवशी येशू परत येईल, आपल्या लोकांना उचलून आकाशात नेईल आणि मागे उरलेली पृथ्वी युद्ध, रोगराई व आगीत भस्म होईल, असा त्या परिच्छेदांचा आशय होता. असे मानणारे ख्रिस्ती लोक आहेत आणि मोबाइलवर त्यांचाच आवाज सर्वांत मोठा आहे, हे मला मान्य आहे. परंतु ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, आरंभापासून जे शिकवले ते हे नव्हे. नागपूरच्या अनेक मराठी मंडळ्यांत रविवारच्या उपासनेला येऊन बसणाऱ्या माणसाला विश्वासांगीकारात, म्हणजे सर्वांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, याहून फार वेगळे शब्द ऐकू येतील.

इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत मांडलेला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पूर्ण झालेला तो अंगीकार अंतकाळाविषयी अगदी मोजके बोलतो. ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा व मृतांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत असणार नाही. आम्ही मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातील जीवनाची वाट पाहतो. एवढेच. तारीख नाही, युद्धांची यादी नाही, विश्वासणाऱ्यांच्या गुप्त उचलले जाण्याचा उल्लेख नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या अनेक बाबतींत एकमेकांशी भांडल्या. या चार-पाच वाक्यांबाबत मात्र त्या एक आहेत.

मग उचलले जाण्याची ती कल्पना आली कुठून? तिचा आधार म्हणून प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातील मंडळीला, म्हणजे थेस्सलनीकाकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय दाखवला जातो. हे पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे, म्हणजे बायबलच्या नव्या करारातील सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. त्या शहरातील विश्वासणाऱ्यांपैकी काही जण मरण पावले होते आणि प्रभू येईल तेव्हा आपली ही माणसे मुकतील की काय, या दुःखात मागे राहिलेले होते. पौल त्यांचे सांत्वन करतो : आधी मेलेले उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत प्रभूला भेटण्यास सामोरे जातील. सामोरे जाणे आपल्याला काही अपरिचित नाही. पालखी येणार असली की गाव वेशीपर्यंत जाते ते तिला घेऊन गावात परतण्यासाठी. वेशीवरूनच दूर कुठे निघून जाण्यासाठी नव्हे. चौथ्या शतकातील थोर प्रवचनकार योहान क्रिसोस्तोम यांनीही या वचनाचा अर्थ असाच सांगितला होता : राजा नगरात येतो तेव्हा मानाची माणसे त्याच्या स्वागतासाठी बाहेर जातात. विश्वासणाऱ्यांना आधी गुपचूप काढून नेले जाईल आणि मग जगावर सात वर्षे संकट कोसळेल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या आयरिश मंडळीतून आलेल्या धर्मोपदेशकाने पसरवली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघरी गेली. दोन हजार वर्षांच्या परंपरेत जिचे वय दोनशे वर्षेही नाही, अशी ही शिकवण आहे. ती मानणाऱ्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. पण तिला सरसकट ‘ख्रिस्ती श्रद्धा’ म्हणून छापणे बरोबर नाही.

बायबलमधील शेवटच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकाची स्थितीही अशीच झाली आहे. सात शिक्के, सात कर्णे, चार घोडेस्वार, अजगर, श्वापद आणि अखेरच्या युद्धाचे ठिकाण हर्मगिदोन ही सारी चित्रे त्यातून उचलून कोणत्याही बातमीला जोडली जातात. मुळात हे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीस, पात्म बेटावर असलेल्या योहान नावाच्या माणसाने इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात शहरांतील मंडळ्यांना लिहिले. ती शहरे आजच्या तुर्कस्तानात आहेत आणि त्या काळी तेथे रोमन सम्राटाची पूजा चालत असे. ‘बाबेल’ असे म्हणून योहान सात टेकड्यांवर वसलेल्या रोमविषयी बोलतो आहे, हे त्याच्या वाचकांना सांगावे लागत नव्हते. श्वापदाचा आकडा ६६६ हाही बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘नीरो कैसर’ या रोमन सम्राटाच्या नावातील हिब्रू अक्षरांच्या आकडी मूल्यांची बेरीज आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हा आकडा आढळतो आणि नावाचे लॅटिन रूप घेतले की नेमकी तेवढीच बेरीज येते, त्यामुळे या अर्थाला बळकटी मिळते. छळ सोसणाऱ्या, साम्राज्यापुढे क्षुल्लक असलेल्या माणसांना योहान सांगत होता की सिंहासनावर शेवटी रोम बसणार नाही, वधलेला कोकरा, म्हणजे क्रूसावर मेलेला येशू, बसेल. ज्यांना धीर द्यायचा होता त्यांच्यासाठी लिहिलेले हे पुस्तक आज भीती घालण्यासाठी वापरले जाते, याचे मला फार दुःख होते.

ही भीती निरुपद्रवी नसते, म्हणून मी इतके लिहीत आहे. कोरोनाच्या काळात लस हीच प्रकटीकरणातील श्वापदाची खूण असल्याचे संदेश आमच्यापर्यंत मराठीत पोहोचले होते. त्याआधी आधार कार्डाविषयी तेच म्हटले जात होते. पश्चिम आशियात बॉम्ब पडू लागले की हर्मगिदोन जवळ आल्याचा आनंद काही उपदेशकांच्या आवाजात लपत नाही. बेथलेहेममध्ये आणि गाझामध्ये आजही उपासना करणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, याचे भान त्या आनंदात राहत नाही. आणि ती नसती तरीही, मेलेल्या लेकरांकडे वेळापत्रकातील एक टप्पा म्हणून पाहणे ख्रिस्ताच्या शिष्याला शोभत नाही.

तारखांचा इतिहास तर फारच शिकवणारा आहे. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने बायबलमधील दानीएलच्या पुस्तकावरून गणित मांडले आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. काहींनी उभी पिके काढली नाहीत. दिवस उगवला आणि मावळला. १९९२ मध्ये दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर ही तारीख सांगण्यात आली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, मालमत्ता विकल्या आणि त्या पंथाच्या प्रमुखाला पुढे फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. अमेरिकेतील उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे २०११ जाहीर केली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली आणि पुढच्या वर्षी असा दिवस ठरवणे हे पाप होते, अशी जाहीर कबुली दिली. मार्ककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातील दूतांना नाही, पुत्रालाही, म्हणजे स्वतः येशूलाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. जे पुत्राला ठाऊक नाही ते आपल्याला उमगले, असे म्हणणाऱ्याचे एक तरी वाक्य ऐकून घ्यावे का?

मी आमच्या मंडळीत संडे स्कूलच्या मुलांना शिकवते. दहावीला बसलेल्या एका मुलीने मला विचारले की येशू लवकरच येणार असेल तर अभ्यास कशासाठी करायचा. तिने हे थट्टेने विचारले नव्हते. कोणता तरी व्हिडिओ पाहून ती रात्री नीट झोपली नव्हती. तिला मी थेस्सलनीकाच्याच लोकांची गोष्ट सांगितली. त्या मंडळीतही काही जण कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या जिवावर राहू लागले होते, बहुधा प्रभूचा दिवस आलाच आहे अशा समजुतीने. आणि ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे पौलाने त्यांना खडसावून लिहिले. प्रभू येईल तेव्हा आपण आपल्या नेमल्या कामावर सापडावे, हीच येशूच्या कित्येक दाखल्यांची शिकवण आहे. न्यायाच्या दिवसाचे सर्वांत सविस्तर वर्णन मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे आणि तेथे राजा जे विचारतो ते ऐकून नागपूरच्या कोणाही माणसाला, तो कोणत्याही धर्माचा असो, आपले रस्ते आठवतील : मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तू काय केलेस? भाकिते ओळखली का, असा प्रश्न त्या अध्यायात नाही.

आता लेखातील मुख्य विधानाकडे येते. पृथ्वी शेवटी जळूनच जाणार, असे ख्रिस्ती धर्म सांगतो काय? पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आकाश सरून जाण्याचे आणि सृष्टितत्त्वे तप्त होऊन लयाला जाण्याचे वर्णन आहे, ते मी लपवणार नाही. पण तोच अध्याय त्याआधी नोहाच्या काळाची आठवण देतो आणि तेव्हाचे जग पाण्यात बुडून नाश पावले, असे म्हणतो. त्या नाशानंतर पृथ्वी उरली होती. नोहा याच मातीवर उतरला आणि त्याने याच मातीत द्राक्षमळा लावला. पत्रातील अग्नीही त्या पाण्यासारखा न्यायाचा व शुद्धीचा आहे, आणि वर्णन अग्नीपाशी थांबत नाही; ज्यात नीतिमत्त्व वास करते अशा नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची आम्ही वाट पाहतो, असे पुढे म्हटले आहे. ही आशा मुळात यशया संदेष्ट्याची, म्हणजे यहुदी लोकांची. रोमकरांस लिहिताना पौल याहून पुढे जातो : सारी सृष्टी प्रसूतिवेदना सोसत कण्हत आहे आणि तिचीही नाशाच्या दास्यातून सुटका होणार आहे. ज्याची सुटका व्हायची आहे ते फेकून दिले जात नाही.

या आशेचा पाया पुनरुत्थानात आहे, आणि माझ्या मते सर्व चर्चेचे मर्म येथेच आहे. शुभवर्तमानांनुसार कबर रिकामी होती. येशूचा आत्मा तेवढा उंच गेला आणि देह मातीत राहिला, असे शिष्यांनी सांगितले नाही. उठलेला येशू बंद दारांआड येऊन उभा राहिला, म्हणजे तो देह पूर्वीसारखा नव्हता. आणि थोमाला त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण दिसले, म्हणजे तो देह दुसरा कोणता नव्हता. जुन्यातूनच नवे घडले. ख्रिस्ती ईश्वरविज्ञान विश्वाच्या भवितव्याविषयी जे काही म्हणते ते या एका घटनेवरून म्हणते : देवाने त्या एका देहाचे जे केले तेच तो अखेर साऱ्या सृष्टीचे करील. प्रकटीकरणाची शेवटची दोन पाने याच आशेने लिहिली आहेत. तेथे माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. पवित्र नगरी वरून खाली उतरते, देव माणसांत वस्ती करतो, त्यांच्या डोळ्यांतील अश्रू पुसतो, मरण उरत नाही. नगरीची दारे दिवसा कधी बंद होत नाहीत, तेथे रात्र तर नाहीच, आणि झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

असे मानणारा माणूस नाग नदीकडे उद्या जळून जायच्या वस्तूसारखे पाहू शकत नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून काय बाहेर पडते, विदर्भातील शेतकरी कोणत्या पाण्यावर पीक काढतो, हे त्याच्या श्रद्धेबाहेरचे प्रश्न राहत नाहीत. आमच्या मंडळ्यांनी या बाबतीत पुरेसे केले आहे, असा माझा दावा नाही. खूपच कमी केले आहे. त्याचे एक कारण मला तरी हेच दिसते की स्वर्गात जाण्याविषयी व्यासपीठावरून जितके बोलले गेले, त्याच्या शतांशानेही नव्या पृथ्वीविषयी बोलले गेले नाही.

या शहराच्या इतिहासात याहून चांगले उदाहरण आहे. मिलरचे अनुयायी अमेरिकेत आकाशाकडे डोळे लावून बसले होते, त्याच सुमारास स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी भारतात यायला निघाले आणि १८४५ मध्ये नागपुरात पोहोचले. ख्रिस्ताच्या पुनरागमनावर त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेनेच त्यांनी येथे शाळा काढली, गोंड लोकांची भाषा व परंपरा नोंदवल्या आणि सुटीच्या वेळी हातोडी घेऊन नागपूर परिसरातील खडक तपासले. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म त्यांनी टाकळीजवळ शोधले. ज्या दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्वेकडील काठावर आपले शहर वसले आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, हे नेमके वय विज्ञानाने पुढे काढले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. १८८३ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय त्यांचे नाव मिरवते. अंताची वाट पाहणारा माणूस पायाखालच्या दगडाकडे इतक्या प्रेमाने पाहू शकतो, हे त्यांच्या आयुष्यावरून मला कळले.

दगडांवरून ताऱ्यांकडे जाते, कारण विज्ञान सांगते त्या अंताची आणि धर्म सांगतो त्या अंताची लेखात सरळ तुलना केली होती. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात जाणाऱ्या शाळकरी मुलांनाही हे ठाऊक असते की सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होईल; पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या पुष्कळ आधी आटलेले असतील. १९९८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र गटांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले. ते तसेच चालू राहिले तर तारे एकामागून एक विझतील आणि काळोखी, थंड पोकळी उरेल. या चित्राशी ख्रिस्ती विचारवंतांनी प्रामाणिकपणे सामना केला आहे. केंब्रिजमधील गणिती भौतिकशास्त्राचे अध्यापन सोडून १९८२ मध्ये धर्मगुरू झालेले जॉन पोल्किंगहॉर्न सांगत की विज्ञानाचा हा निष्कर्ष स्वीकारलाच पाहिजे. विश्वाच्या स्वतःच्या प्रवासात आशेला आधार मिळत नाही, आशा आहे ती निर्मात्याच्या विश्वासूपणात. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी १९२७ मध्ये करणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होते, आणि १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या सिद्धांतात निर्मितीचा पुरावा पाहिला तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही. हाच संयम अंताच्या बाबतीतही हवा. महास्फोटात बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय शोधू नये आणि सूर्याच्या फुगण्यात पेत्राचे पत्र शोधू नये. प्रकटीकरणाला खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक समजणारा त्या पुस्तकाचाही अपमान करतो आणि खगोलशास्त्राचाही.

आपल्या पुराणांतील प्रलयाशीही लेखकाने ख्रिस्ती अंताची सांगड घातली आहे, ती जुळत नाही. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, त्यानंतर रात्र, पुन्हा सृष्टी. तेथे काळ फिरत राहतो. ख्रिस्ती विचारात काळ एकदाच वाहतो आणि देवाच्या हेतूकडे वाहतो, त्यामुळे प्रत्येक माणसाचे एकच आयुष्य व त्यातील प्रत्येक कृती यांना कायमचे वजन येते. कोणती दृष्टी सरस, हा वाद मला घालायचा नाही. दोन्ही नीट सांगाव्यात, एवढेच म्हणणे आहे.

आमच्यात मतभेद नाहीत, असेही कोणी समजू नये. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ दुसऱ्या शतकात बिशप इरेनियस यांनी पृथ्वीवरील प्रत्यक्ष राज्य असा घेतला. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीन यांनी तो मंडळीचा सध्याचाच काळ मानला आणि पाश्चात्त्य मंडळ्यांत त्यांचे मत दीर्घकाळ टिकले. नरकाविषयी तर मतभेद अधिक तीव्र आहेत : अनंत शिक्षा, अखेरचा नाश, आणि चौथ्या शतकातील बिशप निसाचे ग्रेगरी मानत तसे सर्वांचे अंतिम पुनर्मीलन. देवाचा न्याय त्याच्या दयेहून वेगळा नसतो, असे मी मानते; त्यापलीकडचे ठरवणे माझ्या अधिकारातले नाही.

संपादक महोदय, माझी विनंती साधी आहे. जगाच्या अंताविषयी ख्रिस्ती मत छापायचे असेल तेव्हा मोबाइलवरील व्हिडिओंवर विसंबू नये. ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे आपल्या टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव मिळाले तेथे धर्मशास्त्राचे अभ्यासक आहेत. भारतातील प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय याच शहरात आहे. शहरातील मराठी मंडळ्यांचे पाळक एका फोनवर भेटतील. आणि त्या पाळकांनाही मी याच पत्रातून विनवते की येत्या आगमनकाळात, नाताळच्या आधीच्या त्या चार रविवारी, त्यांनी या विषयावर संदेश द्यावेत आणि तरुण मुलांचे प्रश्न उपासनेनंतर थांबून ऐकावेत. दहावीची ती मुलगी आमच्या मंडळीत पहिल्या बाकावर बसलेली असेल.

आपली,
एक वाचक,
सदर, नागपूर